अठरा वर्षं, पण... : आफ्रिकेतले बालविवाहाचे कायदे

कल्याणी_दार (धागाकर्ती)

टांझानियात मुलाला लग्न करायचं तर वय १८ लागतं. मुलीला आईबापांची संमती असली की १५ पुरे, आणि कोर्टानं परवानगी दिली तर १४ सुद्धा चालतं. कायदा १९७१ चा, कलमं १३ आणि १७. मी काही वर्षांपासून दार-ए-सलाममध्ये राहते. इथे या दोन कलमांवर जेवढा काथ्याकूट झालाय तेवढा क्वचितच कुठल्या कायद्यावर झाला असेल.

रेबेका ग्युमी या कायदा शिकलेल्या तरुण कार्यकर्तीनं हायकोर्टात दाद मागितली. जुलै २०१६ मध्ये निकाल लागला: दोन्ही कलमं घटनाबाह्य, संसदेनं वर्षभरात दुरुस्ती करावी. सरकार अपिलात गेलं. म्हणणं काय, तर हा कायदा म्हणजे चालीरीती, धर्म आणि नवा जमाना यांच्यातली तडजोड आहे, ती उसवू नका. ऑक्टोबर २०१९ मध्ये अपील कोर्टानंही सरकारचं म्हणणं फेटाळलं. मुदत संपली, कोविड येऊन गेला, २०२४ उजाडलं, तरी कलमं जागच्या जागी.

आता खरा तिढा बघा. त्याच २०१६ साली शिक्षण कायद्यात दुरुस्ती झाली. शाळेत जाणाऱ्या मुलीशी कुणी लग्न केलं किंवा तिला दिवस गेले तर त्या माणसाला ३० वर्षं कैद. म्हणजे शाळेच्या पटावर नाव आहे तोवर १५ वर्षांची मुलगी सुरक्षित. पटावरून नाव कमी झालं की तीच मुलगी बापाच्या संमतीनं कायदेशीर नवरी! शिन्यांगा भागातल्या शाळेत शिकवलेल्या एका बाईंशी माझी ओळख आहे. त्या सांगत होत्या की सातवीच्या परीक्षेआधी काही घरांत मुलीला बजावतात, उत्तरं चुकीची लिही. नापास झाली की माध्यमिकला प्रवेश नाही, शाळा आपोआप सुटते, आणि मग मुलीच्या बदल्यात किती गुरं द्यायची याची बोलणी उघड करता येतात. वर्षभर फळ्यावर गणितं सोडवणारी पोरगी जवळजवळ कोरा पेपर देऊन उठते तेव्हा शिक्षकांना समजायचं ते समजतं.

याच देशात नोव्हेंबर २०२१ पर्यंत दिवस गेलेल्या मुलीला शाळेतून काढत असत. म्हणजे तिला फसवणाऱ्याला ३० वर्षं, आणि तिचीही शाळा बंद.

माझं मत असं झालंय की वयाचा आकडा बघून कायदा जोखू नये. त्यातली सवलत कुणाच्या हातात दिलीय आणि तक्रार कुणी करायची, ते बघावं. मलावी, झिंबाब्वे, सिएरा लिओन, गांबिया या चार देशांत गेल्या दहाएक वर्षांत बरंच काही घडलंय. इथे आफ्रिकेत राहणारे आणि वकिली करणारे बरेच जण आहेत. लिहा.

चिंगी

वाचतेय. परीक्षेचं वाचून अंगावर काटा आला.

खवचट_खडू

ताई, आफ्रिकेची काळजी नंतर. आपल्या बीड-परभणीत काय चाललंय ते बघा आधी. ऊसतोडीला कोयता घेऊन जोडी लागते म्हणून पोरींची लग्नं उरकतात. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. पुरोगामी महाराष्ट्र म्हणे.

कल्याणी_दार

खडू, बीडवर वेगळा धागा काढा, मी पहिली येईन. मी राहते तिथलं लिहिलंय.

अ‍ॅड_रेवा

धागा आवडला. सवलतीच्या कलमाबद्दल थोडं.

झिंबाब्वेतला जानेवारी २०१६ चा घटनापीठाचा निकाल जमल्यास मुळातून वाचा. दोन तरुणींनी अर्ज केला होता, दोघींचीही लग्नं लहानपणीच झालेली. जुन्या विवाह कायद्यात मुलीला १६ आणि मुलाला १८ होतं. शिवाय रूढीप्रमाणे लागणाऱ्या लग्नांचा वेगळा कायदा होता, त्यात वयाची अटच नाही. सरकारी बाजूचा पहिला आक्षेप काय असावा? या दोघी आता सज्ञान आहेत, त्यांना स्वतःला काही धोका उरलेला नाही, मग त्यांना दावा करायचा अधिकार काय! म्हणजे लहान असताना कोर्टात येता येत नाही, आणि मोठी झालीस की तुझा संबंध संपला. कोर्टानं हे साफ नाकारलं. लोकहितासाठी त्या येऊ शकतात असं म्हटलं आणि २०१३ च्या राज्यघटनेच्या आधारे सगळ्या प्रकारच्या लग्नांना १८ ची अट घातली, रूढीच्या आणि धर्माच्या लग्नांनाही. वकील होते तेंडाई बिटी, तेच ते माजी अर्थमंत्री.

सिएरा लिओनमध्ये घोळ वेगळा होता. २००७ च्या बालहक्क कायद्यात १८, आणि २००९ च्या रूढीविवाह कायद्यात पालकांच्या संमतीनं त्याहून लहान चालेल. दोन्ही कायदे एकाच वेळी लागू. पोलीस पाटलासारखा तिथला गावप्रमुख कुठला कायदा धरणार हे सांगायला नको. जुलै २०२४ मध्ये अध्यक्ष ज्युलियस माडा बिओ यांनी नव्या कायद्यावर सही केली. आता नवऱ्याला किमान १५ वर्षं किंवा दंड, आणि लग्न लावणारे, जमवणारे, साक्षीला उभे राहणारे सगळे आरोपी. पालकांच्या संमतीची पळवाट बंद.

आपल्याकडच्या २००६ च्या कायद्यातही वऱ्हाडी, भटजी, मंडपात हजर असलेले सगळे आरोपी होऊ शकतात. शिक्षा मात्र जास्तीत जास्त दोन वर्षं. आणि लग्न आपोआप रद्द होत नाही. मुलीनंच कोर्टात जाऊन ते रद्द करून घ्यायचं, तेही सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत. म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत, सासरी नांदत असताना, बहुधा पदरात मूल घेऊन. किती जणी येतात ते विचारू नका.

टपोरी_ढग

रेवाताई, +१. पण सिएरा लिओनचं कौतुक जरा बेतानं. त्या कायद्यात मुलींच्या खतन्याबद्दल, म्हणजे गुप्तांगाचा भाग कापण्याबद्दल, अवाक्षर नाही. तिथे बोंडो नावाची बायकांची गुप्त मंडळी आहे. मुलीला वयात आणायचा विधी ती मंडळी करते आणि त्या विधीत खतना असतो. निवडणुकीत या बायकांची मतं मोलाची, त्यामुळे कुणीच हात लावत नाही. शिवाय याच देशात २०१५ पासून, इबोलानंतर शाळा उघडल्यावर, दिवस गेलेल्या मुलींना वर्गात बसायला बंदी होती. डिसेंबर २०१९ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या सामाईक न्यायालयानं फटकारलं, तेव्हा कुठे मार्च २०२० मध्ये ती उठली.

नैरोबीकर

केनियातून थोडं. इकडे कायद्यांची टंचाई कधीच नव्हती. २००६ चा लैंगिक गुन्ह्यांचा कायदा कडक आहे, अगदी लहान मुलीवर अत्याचार केला तर जन्मठेप. अडतं पोलीस ठाण्याच्या उंबऱ्यावर.

मेरूमध्ये २०१३ साली एक निकाल लागला, लोक त्याला '१६० मुलींचा खटला' म्हणतात. अत्याचार झालेल्या मुलींना सांभाळणारं तिथलं एक निवारा केंद्र आणि काही मुली मिळून कोर्टात गेल्या. आरोप गुन्हेगारांवर नव्हता, पोलिसांवर होता! तक्रार घ्यायला नकार, घेतली तर तपास नाही, कुठे पैशांची मागणी. न्यायाधीशांनी मान्य केलं की पोलिसांच्या या चालढकलीमुळेच अत्याचार करणाऱ्यांना आपलं काही वाकडं होणार नाही असं वाटू लागलं, आणि हा मुलींच्या घटनात्मक हक्कांचा भंग आहे. नवा कायदा एकही नाही, आहे तोच राबवा असा आदेश. माझ्या मते आफ्रिकेतला मुलींच्या बाजूचा सगळ्यात कामाचा निकाल हाच, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी.

जाता जाता, २०११ च्या इथल्या खतनाविरोधी कायद्यात एक भारी कलम आहे. खतना न झालेल्या बाईला किंवा तिच्याशी लग्न केलेल्या पुरुषाला टोमणा मारणं हाही गुन्हा. किमान सहा महिने कैद किंवा दंड. खेड्यात नदीवर पाणी भरताना बायका जे बोलतात त्यानंच मुली हार मानतात, हे कायदा लिहिणारीला ठाऊक असणार.

चिंगी

टोमण्याला सहा महिने!! आमच्या सोसायटीतल्या निम्म्या आत जातील.

जुनाजाणता

या निमित्तानं इतिहासात डोकावू द्या. पाल्हाळ वाटलं तर पुढे सरका.

१८९१ साली संमतिवयाच्या कायद्यानं मुलीचं संमतीचं वय १० वरून १२ केलं. फक्त दोन वर्षं. त्यावरून पुण्यात रणकंदन झालं. टिळक स्वतः बालविवाहाचे भोक्ते नव्हते. मुलीचं लग्न १६ च्या आत करणार नाही अशा लेखी हमीची सूचना त्यांनीच मांडली होती. पण परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा करायचा नाही, यावर ते अडून बसले. आगरकर दुसऱ्या टोकाला. सुधारणा हवी की नको, यापेक्षा ती कुणाच्या हातून, हाच वाद तेव्हा मोठा झाला.

केनियात अगदी हेच घडलं. १९२९ च्या सुमारास स्कॉटिश मिशनऱ्यांनी किकुयू जमातीतल्या ख्रिश्चनांना खतना सोडायची शपथ घालायला सुरुवात केली. लोकांनी मिशनच्या शाळा सोडल्या, स्वतःच्या काढल्या. पुढे अध्यक्ष झालेले जोमो केन्याटा यांनी १९३८ च्या आपल्या पुस्तकात या प्रथेचं समर्थन केलं. तिथेही प्रथेची लढाई स्वातंत्र्याच्या लढाईत मिसळून गेली.

नैरोबीकर

जुनाजाणता काका, भर घालतो. १९५६ मध्ये मेरूतल्याच न्जुरी न्चेके या वडीलधाऱ्यांच्या सभेनं बंदी जाहीर केली. सभा गावातली, पण पाठीमागे ब्रिटिश अधिकारी, आणि ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ बंडाचे दिवस. मग काय व्हावं? दहा-बारा, चौदा वर्षांच्या मुलींनी दुकानातून ब्लेड आणली आणि झाडीत जाऊन एकमेकींचा खतना केला. त्यांना नावच पडलं 'ङाइताना', म्हणजे मी माझं मीच करीन. पुढच्या दोन-तीन वर्षांत दोन हजारांहून जास्त लोकांवर खटले भरले गेले, त्यात बऱ्याच या मुलीच. ज्यांच्या रक्षणासाठी बंदी, त्यांनाच दंड. वरून लादलेल्या बंदीचं याहून वाईट उदाहरण माझ्या वाचनात नाही.

खवचट_खडू

म्हणजे कायदा करूच नये? तसं असेल तर सतीबंदी पण नको होती म्हणा.

नैरोबीकर

असं कुठे म्हटलं? आज केनियातला कायदा तिथल्याच संसदेनं केलाय. एका डॉक्टरीण बाईंनी हायकोर्टात त्याला आव्हान दिलं होतं. सज्ञान बाई स्वखुशीनं करून घेत असेल तर तुम्ही कोण, हा त्यांचा मुद्दा. २०२१ मध्ये कोर्टानं अर्ज फेटाळला. कायदा टिकला, कारण त्याच्या बाजूनं बोलायला तिथल्याच बायका उभ्या राहिल्या. १९५६ मध्ये तशी एकीलाही कुणी विचारलं नव्हतं.

टपोरी_ढग

आता गांबिया, कारण तिथे हाच खेळ आपल्या डोळ्यांदेखत झाला. २०१५ च्या शेवटी हुकूमशहा याह्या जामेहनं एका रात्रीत खतनाबंदी जाहीर केली. महिनाभरात कायदा: तीन वर्षांपर्यंत कैद, मुलगी दगावली तर जन्मठेप. देशात १५ ते ४९ वयाच्या चार बायकांमागे जवळपास तिघींचा खतना झालेला. जामेह २०१७ मध्ये परागंदा झाला आणि त्याची बंदी हा 'हुकूमशहाचा कायदा' ठरला.

ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा शिक्षा झाली. तीन बायका, तान्ह्या मुलींचा खतना केला म्हणून. १५,००० दलासी (तिथलं चलन) दंड नाहीतर वर्षभर कैद. दंड कुणी भरला? एका बड्या इमामानं! आणि मग बंदीच उठवा अशी मोहीम सुरू केली. मार्च २०२४ मध्ये विधेयक पुढे न्यायच्या बाजूनं ४२ मतं पडली, विरोधात ४. सभागृहात बायका पाचच, तेव्हा आकड्याचं नवल नाही.

पुढचे चार महिने मात्र बघण्यासारखे होते. खतना झालेल्या बायका समितीपुढे येऊन बोलल्या. बाळंतपणात काय होतं, लघवीला किती वेळ लागतो, पहिल्या रात्री काय होतं, सगळं. जाहा डुकुरेह वर्षानुवर्षं यासाठी झगडत होती, तिच्यासारख्या आणखी कितीतरी उभ्या राहिल्या. १५ जुलै २०२४ ला त्याच सभागृहानं विधेयकाचं एकेक कलम पाडलं. बंदी राहिली. मला वाटतं हा कायदा खऱ्या अर्थानं त्या दिवशी गांबियाचा झाला. २०१५ मध्ये तो नुसता छापला होता. अर्थात लढाई संपलेली नाही, विरोधक सर्वोच्च न्यायालयात गेलेत.

मंदार_पुणे३०

माहितीपूर्ण धागा. खतना वगैरे आपल्याकडे नाही हे नशीबच म्हणायचं.

अ‍ॅड_रेवा

मंदार, आहे. दाऊदी बोहरा समाजात, मुंबईत, पुण्यात, उदयपूरला. साधारण सात वर्षांच्या मुलीला आजी किंवा आत्या 'आइस्क्रीम खायला जाऊ' म्हणून नेते असं कितीतरी बोहरा बायकांनी स्वतःच्या नावानिशी लिहिलंय. प्रथा पाळणाऱ्यांचं म्हणणं की हे नाममात्र आहे, इजा होत नाही, धर्माचा भाग आहे. २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका आहे, २०१८ मध्ये ती मोठ्या घटनापीठाकडे सोपवली. आपल्याकडे वेगळा कायदा नाही. निदान या एका बाबतीत केनिया आणि गांबिया आपल्या पुढे आहेत.

मंदार_पुणे३०

बाप रे. वाचतो याबद्दल.

शाळामास्तर

एक व्यवहाराची गोष्ट कुणीच काढली नाही. वय ठरवणार कशावरून?

आमच्या जिल्हा परिषदेच्या जुन्या हजेरीपटावर बघाल तर निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून. आई म्हणायची, पोरगा मोठ्या पुराच्या साली झाला. गुरुजी बोटं मोजायचे आणि १ जून टाकून मोकळे. आज दाखल्यावरून तरी आम्ही लग्न थांबवू शकतो. ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, तो पहिल्यांदा शाळा सोडल्याचा दाखलाच मागतो. आफ्रिकेतल्या खेड्यात जन्माची नोंदच नसेल तर १८ म्हणजे काय? बाप म्हणेल तेच वय. बाप उंचीवरून सांगणार, की गुरांवरून?

कल्याणी_दार

मास्तर, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. सहाराच्या दक्षिणेकडे निम्म्याच्या आसपास मुलांची जन्मनोंद नसते. मलावीत सगळ्यांची नोंद करायला सुरुवात झाली तीच २०१५ च्या सुमारास. त्याच साली त्यांचा १८ वर्षांचा विवाह कायदाही आला. गंमत म्हणजे घटनेत तेव्हाही १५ ते १८ च्या मुलींना पालकांच्या संमतीनं लग्नाची मुभा होतीच. घटनेपुढे कायदा काय करणार? ती मुभा फेब्रुवारी २०१७ मध्ये घटनादुरुस्तीनं काढली.

पण मलावीत नाव घ्यावं ते थेरेसा काचिंदामोटो यांचं. डेड्झा जिल्ह्यातल्या पारंपरिक मुख्य सरदार होत्या. आधी झोंबा शहरातल्या कॉलेजात सत्तावीस वर्षं सेक्रेटरी होत्या. घराण्याची गादी त्यांच्याकडे आली म्हणून गावी परतल्या, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुली कडेवर पोर घेतलेल्या दिसल्या. घटना बदलेपर्यंत वाट बघत बसल्या नाहीत. हाताखालच्या पन्नासेक प्रमुखांकडून लेखी करार करून घेतला की बालविवाह होऊ देणार नाही, झालेले मोडायचे. ज्यांनी तरीही लग्नं लावली त्यांना पदावरून दूर केलं. तीनेक वर्षांत साडेआठशेच्या वर लग्नं मोडली आणि मुलींना शाळेत परत पाठवलं. आधी त्यांना धमक्याही आल्या.

रूढीनं लागणाऱ्या लग्नाला गावप्रमुखाची मान्यता लागते. बाईंनी तीच मान्यता काढून घेतली. जन्मदाखला नसला तरी पोरगी केवढी आहे हे गावप्रमुखाला माहीत असतंच, मास्तर.

शाळामास्तर

हे पटलं. आमच्याकडेही सरपंच ठाम असला तर लग्न थांबतं, नाहीतर १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर फोन करणाऱ्याचंच नाव फुटतं.

चिंगी

मोडलेल्या लग्नातल्या मुलींचं पुढे काय? फी, वह्या, बाळ कोण सांभाळतं?

कल्याणी_दार

चिंगी, बरोब्बर. बाई काही मुलींची फी स्वतः भरत, बाकीच्यांसाठी मदत मिळवत. ही तजवीज कायद्यात नसते. गुरं परत करायला बाप तयार नसतो, कारण तीच गुरं देऊन मोठ्या भावासाठी सून आणलेली असते. असा फेरा एकदा पडला की एक लग्न मोडताना तीन घरं भांडतात.

खवचट_खडू

आता गंभीरपणे विचारतो. रेवाताई, सिएरा लिओनची १५ वर्षं शिक्षा. पोरगी नवऱ्याला आणि बापाला आत टाकायला तक्रार करेल? मला नाही वाटत. उलट शेजारीही गप्प बसतील.

अ‍ॅड_रेवा

शंका रास्त आहे. शिक्षा जितकी मोठी तितकी तक्रार महाग पडते, हे आपल्याकडे पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, रोज दिसतं. घरातलाच माणूस आरोपी असेल तर आई फिरते, मुलगी फिरते. म्हणून मला आधी लग्न थांबवणारे उपाय जास्त कामाचे वाटतात: मनाई हुकूम, मुलीला तात्पुरता निवारा, लग्न आपोआप रद्द. सिएरा लिओनच्या कायद्यात मुलीला नुकसानभरपाईचा आणि शिक्षणाचा हक्क आहे, तो किती मुलींच्या हाती पडतो त्यावर मी त्याची परीक्षा करीन. तुरुंगातल्या बापांची संख्या मोजून नाही.

टपोरी_ढग

असहमत. मोठ्या शिक्षेनं मोठे लोक घाबरतात. इमाम, मुखिया, लग्न जमवणारा दलाल. बाप गरीब असतो, त्याला कशाचीच भीती नसते.

नैरोबीकर

तुम्हा दोघांनाही सीमेवरचं सांगतो. केनियातल्या कुरिया लोकांचे नातलग टांझानियात तारिमेकडे आहेत. मधे नुसती एक वाट आहे. केनियात कायदा कडक झाला तशा काही मुली पलीकडे नेल्या जाऊ लागल्या. केनियाचा कायदा परदेशात केलेल्या खतन्यालाही शिक्षा देतो, पण पुरावा पलीकडे, साक्षीदार पलीकडे. २०१९ मध्ये मोंबासाला केनिया, युगांडा, टांझानिया, इथिओपिया आणि सोमालिया यांनी एकत्र काम करायचं ठरवलं. कागद चांगला आहे. कल्याणीताई, तुमच्या बाजूला डिसेंबरच्या सुट्टीत काही हालचाल दिसते का?

कल्याणी_दार

मी दार-ए-सलामला, तारिमे इथून दीड दिवसाचा रस्ता. पण तारिमे ज्यात येतं त्या मारा प्रांतातल्या ओळखीच्यांकडून कळतं की विधीचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरचाच, आणि त्या दिवसांत तिथली निवारा केंद्रं भरून जातात. मुली स्वतः पळून येतात, बऱ्याचदा रात्री, चालत. जानेवारीत शाळा उघडली की प्रश्न येतो: घरी सोडायचं की ठेवून घ्यायचं? बाप येऊन लिहून देतो की करणार नाही, तेव्हा सोडतात. पुढच्या वर्षी त्यातल्या काही पुन्हा येतात.

अ‍ॅड_रेवा

त्या लेखी हमीचा भंग केला तर पुढे काय करतात? आपल्याकडे बाल कल्याण समितीसमोर असंच हमीपत्र घेतात आणि ते फाईलला लागतं, म्हणून विचारतेय.

कल्याणी_दार

माराच्या ओळखीच्या बाईंना विचारून इथेच लिहिते.